बागेतील उंदरांची संख्या कोण ठरवते?

1940 च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात उंदरांविरुद्ध मोठी मोहीम चालली होती. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी नवी विषे तयार केली आणि ती गल्लोगल्ली पसरली, तेव्हा उंदीर मोठ्या संख्येने मेले. पुढे डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदरांऐवजी उरलेल्या उंदरांची मोजणी सुरू केली. एखाद्या वस्तीतील बहुतेक उंदीर मारले, तरी मागे राहिलेल्यांची संख्या पुन्हा वाढत जाऊन जुन्या पातळीकडे परतते, असे त्यांना आढळले. याउलट कचरा नीट झाकला आणि लपण्याच्या जागा काढून टाकल्या, तर ती पातळीच खाली येते. घरच्या बागेत उंदरांशी गाठ पडलेल्या प्रत्येकाने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा, कारण बागेत किती उंदीर राहणार हे पिंजऱ्यापेक्षा अन्न आणि आसरा यांवर अधिक अवलंबून असते.

यामागचे कारण उंदरांच्या जीवनक्रमात आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेतात साधारण सहा ते आठ पिल्ले होतात. लहान जातीच्या उंदराचे पिल्लू दीड-दोन महिन्यांत, तर मोठ्या उंदराचे दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होते. एवढ्या वेगाने वाढणारा प्राणी सगळीकडे भरून जात नाही, कारण त्यांपैकी बहुतेक जण उपासमार, रोग, शिकारी आणि आपसांतील मारामाऱ्या यांमुळे वर्षभरही जगत नाहीत. काही उंदीर मारले की उरलेल्यांच्या वाट्याला अधिक अन्न आणि अधिक बिळे येतात, जास्त पिल्ले जगतात आणि रिकाम्या जागेवर शेजारच्या आवारातील उंदीरही येऊन बसतात. म्हणून सापळे निरुपयोगी आहेत असे नव्हे; मात्र ते आधी लावायचे नसून नंतर लावायचे आहेत.

त्याआधी बागेत नेमका कोण येतो हे ओळखावे. मोठ्या उंदरांपैकी तपकिरी उंदीर जमिनीत बिळे करतो. साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर रुंदीचे तोंड, बाहेर टाकलेली सैल माती आणि थोड्या अंतरावर पळून जाण्यासाठी ठेवलेली दुसरी वाट ही त्याची खूण असते. मोठ्यांतलाच काळा उंदीर अंगाने सडपातळ आणि चढण्यात तरबेज असतो, त्यामुळे झाडावरची फळे पोखरलेली दिसली तर प्रथम त्याचाच संशय घ्यावा. त्याच्या लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, तर तपकिरी उंदराच्या बोथट असतात. दोन्ही सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब असतात. लहान उंदराच्या लेंड्या मात्र जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि तो बहुधा पेरलेले वाटाणे, मका किंवा भोपळ्याचे बी उकरून खातो. बीळ वापरात आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडात कागदाचा सैल बोळा किंवा थोडी माती भरून ठेवावी. एक-दोन दिवसांत ती बाहेर ढकललेली दिसली, तर आत वस्ती आहे.

येथे चिचुंद्रीची बाजूही मांडायला हवी. लांब टोकदार नाक, बारीक डोळे आणि उग्र वास यांमुळे तिला उंदीर समजून मारले जाते, परंतु ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातील नाही. तिचा मुख्य आहार किडे, अळ्या आणि झुरळे हा असल्यामुळे बागेला तिचा त्रास नगण्य आणि उपयोग बराच असतो.

उंदरांचे अन्न शोधायला निघाले की भाजीचे वाफे हा त्यांचा मुख्य आधार क्वचितच असल्याचे दिसते. झाडाखाली कुजत पडलेली फळे, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, पाळीव प्राण्याच्या ताटलीत रात्रभर राहिलेले खाणे आणि उघडा कंपोस्टचा ढीग हे त्यांचे खरे कोठार असते. शिजवलेले अन्न, मांस, मासे आणि दुधाचे पदार्थ बागेतल्या कंपोस्टमध्ये घालू नयेत, कारण त्यांचा वास दूरवर पोहोचतो. कंपोस्ट वरचेवर खालीवर करावे आणि ओलसर ठेवावे. कोरड्या, उबदार आणि महिनोन्‌महिने कोणी हात न लावलेल्या ढिगात उंदराची मादी आनंदाने घरटे करते. पेटीच्या तळाशीही जाळी हवी. पाण्याच्या बाबतीत मात्र मोठ्या आणि लहान उंदरांत फरक आहे. मोठ्या उंदराला रोज पाणी प्यावे लागते, त्यामुळे गळका नळ आणि बशीत साचलेले पाणी बंद केल्याचा परिणाम होतो. लहान उंदीर अन्नातील ओलाव्यावर भागवू शकतो, म्हणून त्याच्याविरुद्ध हा उपाय फारसा चालत नाही.

आसऱ्याचा विचार करताना उंदराच्या चालण्याची सवय उपयोगी पडते. त्याची नजर फारशी तीक्ष्ण नसते. मिशा आणि अंगावरचे लांब केस भिंतीला किंवा कडेला लावत तो अंधारात वाट काढतो आणि उघड्या जागेत जाणे शक्यतो टाळतो. त्यामुळे भिंतीलगत रचलेली लाकडे, रिकाम्या कुंड्यांच्या चळती आणि जमिनीला टेकलेल्या दाट वेली त्याला सुरक्षित रस्ता देतात. अशा वस्तू जमिनीपासून वीत-दीड वीत उंच ठेवाव्यात आणि भिंतीजवळचा पट्टा मोकळा ठेवावा. मी स्वतः कोणत्याही विकतच्या उपायापेक्षा या एका कामाला अधिक महत्त्व देईन.

काही पिकांना अडथळ्याचेच संरक्षण द्यावे लागते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांना पुढच्याच बाजूने कठीण आवरण असल्यामुळे मागची बाजू लवकर झिजून सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. प्लॅस्टिकची जाळी, लाकूड आणि ठिबकच्या नळ्या या दातांपुढे टिकत नाहीत, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची जाळीच वापरावी. लहान उंदीर सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरू शकतो, तेव्हा जाळीची छिद्रे त्याहून मोठी असू नयेत. वाफ्याच्या तळाशी अशी जाळी अंथरली आणि ती कडेने वर आणली, तर गाजर व रताळी यांसारखी कंदमुळे बऱ्यापैकी वाचतात.

एवढे झाल्यावर सापळ्याची पाळी येते. मोठा उंदीर ओळखीच्या जागेत आलेल्या नव्या वस्तूला बिचकतो, त्यामुळे सापळा काही दिवस न चढवता, फक्त खाणे घालून, वाटेवर भिंतीला काटकोनात ठेवावा आणि खाणे उचलले जाऊ लागल्यावर चढवावा. लहान उंदीर उलट चौकस असतो. त्याच्यासाठी ही प्रतीक्षा लागत नाही, पण तो घरट्यापासून थोड्याच मीटरच्या परिसरात फिरतो, म्हणून सापळे जवळजवळ आणि अधिक संख्येने लागतात. पक्षी किंवा मुलांची बोटे अडकू नयेत यासाठी सापळा झाकणाच्या खोक्यात ठेवावा. चिकट फळ्या मुळीच वापरू नयेत. त्यांवर प्राणी तासन्‌तास तडफडतो आणि सरडे, पक्षीही अडकतात.

विषाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे अनोळखी पदार्थ आधी थोडासाच चाखणे ही त्याची संरक्षणाची रीत आहे. चवीनंतर काही तासांनी त्रास झाला, तरी तो त्या दोहोंचा संबंध जोडतो आणि पुन्हा त्या पदार्थाला तोंड लावत नाही. 1950 च्या दशकात जॉन गार्सिया यांच्या प्रयोगांतून या शिकण्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. झिंक फॉस्फाइडसारखे लवकर परिणाम करणारे विष कमी मात्रेत खाऊन वाचलेला उंदीर म्हणूनच पुढे हाती लागत नाही. या अडचणीवरचा तोडगा गुरांच्या एका आजारातून निघाला. कुजलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्यामुळे गुरे रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने त्यातील रक्त गोठू न देणारे द्रव्य शोधले आणि त्यावरून तयार झालेले वॉर्फरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून वापरात आले. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. मात्र 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये वॉर्फरिनला न जुमानणारे उंदीर आढळले आणि त्यानंतर ब्रोडिफॅकमसारखी अधिक तीव्र विषे आली. ती उंदराच्या यकृतात दीर्घकाळ राहतात आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या, मांजराच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात जातात. रात्री बागेत उंदीर टिपणारे घुबड आपणच मारावे, हा व्यवहार तोट्याचा आहे. घरच्या बागेत उघड्यावर विष टाकणे मला असमर्थनीय वाटते. वापरणे अटळच झाले, तर ते कुलूपबंद आमिषपेटीत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली वापरावे.

मांजर पाळल्याने लहान उंदीर काहीसे कमी होतात, पण मोठ्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका कचरा-प्रक्रिया केंद्रात केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 79 दिवसांत भटक्या मांजरांनी मारलेले केवळ दोन उंदीर नोंदले गेले. मांजरे दिसताच उंदीर फक्त आडोशाला जात होते. उच्च वारंवारतेचा आवाज काढणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नयेत. उंदीर त्या आवाजाला लवकरच सरावतात आणि पाने किंवा कुंड्यांआड तो पोहोचतही नाही.

ही सगळी कामे करताना हातमोजे आणि बंद बूट घालावेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जीवाणू बाहेर पडतात, ओल्या मातीत ते अनेक आठवडे जिवंत राहू शकतात आणि हातापायांवरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. कोरड्या लेंड्या झाडू नयेत, कारण धुळीबरोबर काही विषाणू श्वासातून आत जाऊ शकतात; आधी जंतुनाशक शिंपडून त्या भिजू द्याव्यात आणि मग कागदाने उचलाव्यात. दात लागलेले फळ तेवढा भाग कापून खाण्याचा मोह टाळावा आणि ते फेकून द्यावे. बागेत काम केल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना बागेतील उंदरांविषयी आवर्जून सांगावे, कारण हा आजार सुरुवातीला साध्या फ्लूसारखा भासतो आणि प्रतिजैविके लवकर सुरू केली तर अधिक चांगली लागू पडतात.