इंदूरमध्ये धूर आणि धुळीची तक्रार: कोणी, कुठे, कोणत्या कागदांसह करावी

राजेंद्रनगरात आमच्या समोरचा जुना बंगला पाडून तिथे नवी इमारत उभी राहायला लागली, तेव्हा सासूबाईंचा दमा इतका वाढला की खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्या लागायच्या. मी तक्रार केली. त्यात लिहिलं होतं, ‘परिसरात फार प्रदूषण आहे, कृपया लक्ष द्यावे.’ काही दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. समोर टाइल्स कापणं सुरूच होतं. दुसऱ्यांदा लिहिताना जागा, वेळ आणि नेमकं काय चाललंय ते फोटोसकट दिलं. मग तपासणीला माणूस आला आणि वाळूवर ताडपत्री पडली. मधल्या काळात जे कळलं ते इथे लिहिते आहे. आपल्याकडे बरेच ज्येष्ठ घरात एकटे असतात आणि ‘कोणाला सांगायचं’ इथेच अडतात.

तक्रार कोणीही करू शकतो. घर स्वतःचं असायला हवं असं नाही. भाडेकरू, शिकायला आलेली मुलं, दुकानदार, सगळ्यांना तो हक्क आहे. वकील लागत नाही, शपथपत्र लागत नाही. चालू मोबाइल क्रमांक मात्र हवा, कारण तक्रार क्रमांक आणि पुढचे सगळे मेसेज त्यावरच येतात. आजी-आजोबांसाठी करत असाल तर त्यांचा बंद पडलेला नंबर देऊ नका, आपला द्या.

कोणाकडे जायचं, हा खरा प्रश्न. रस्त्यावरची धूळ, बांधकाम, उघड्यावर टाकलेला राडारोडा, जाळलेला कचरा हे महापालिकेचं काम. त्यासाठी ‘इंदूर ३११’ अ‍ॅप आहे, नाहीतर सरळ आपल्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. कारखान्याची चिमणी, म्हणजे सांवेर रोड किंवा पोलोग्राउंडच्या बाजूचा धूर, हा मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या अखत्यारीतला विषय. त्यांचं क्षेत्रीय कार्यालय इंदुरातच आहे. काळा धूर सोडणारं वाहन दिसलं तर गाडीचा क्रमांक टिपून वाहतूक पोलीस किंवा आरटीओकडे कळवायचं. आसपासच्या गावांत नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं, पेटवली जाते, ती तक्रार जिल्हा प्रशासनाकडे. चुकीच्या दारात अर्ज गेला की तो फिरत राहतो आणि तोपर्यंत धूर विरून गेलेला असतो.

आता हवा मोजण्याबद्दल थोडं. ‘एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) तर चांगला आहे’ हे उत्तर तुम्हालाही मिळेल. छोटी ग्वालटोलीत हवा सतत मोजणारं स्वयंचलित केंद्र आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर इंदूरचे आकडे बघता येतात. निर्देशांक ५० पर्यंत असेल तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, आणि त्यापुढे खराब. पण धूलिकणांचा निर्देशांक काढतात तो २४ तासांच्या सरासरीवरून. पीएम १० म्हणजे बारीक धूलिकण, त्यांच्यासाठी २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, त्याहून बारीक पीएम २.५ साठी ६०. तुमच्या गल्लीत सकाळी दोन तास कोरड्या टाइल्स कापल्या, तर काही किलोमीटरवरच्या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. स्वच्छ वायू सर्वेक्षणात इंदूर २०२३ मध्ये पहिलं आलं, २०२५ मध्येही आलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी शहराचा क्रमांक ही आपल्या दारातल्या धुळीची मोजणी नव्हे. म्हणून अर्जात आकड्यांवरून वाद घालू नका, नियम कुठे मोडला ते लिहा.

नियम आहेत, आणि अगदी स्पष्ट आहेत. हवेत धूलिकण मर्यादेबाहेर आहेत अशा शहरांतल्या बांधकामांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचना काढली. वाळू, माती, सिमेंट उघडं ठेवायचं नाही. उघड्यावर कापणं-घासणं नाही. पाणी मारायचं. इमारतीभोवती योग्य उंचीचा आडोसा लावायचा. आणि धूळ रोखायला काय काय केलं आहे त्याचा फलक येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा लावायचा. पहिल्यांदा हा फलकच शोधा. तो नसेल तर तुमच्या अर्जातला पहिला मुद्दा तयार झाला. कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, डिसेंबर २०१६ चा आदेश आहे: साध्या प्रकारात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड. झाडलेला पाला पेटवणाऱ्याला आधी समजवावं असं मला वाटतं. थंडीत शेकोटी करून बसलेल्या चौकीदाराला दंड करून कोणाचं भलं होत नाही. पण रिकाम्या प्लॉटवर रोज प्लास्टिक पेटत असेल तर गप्प बसू नये.

अर्ज हिंदीत लिहा. आपण घरात ‘राडारोडा’ म्हणतो, इथल्या कार्यालयात ‘मलबा’ म्हटलं की लगेच कळतं. माझ्या दुसऱ्या अर्जातला मजकूर साधारण असा होता: ‘दिनांक … को सुबह ९ से ११ बजे तक, मकान क्रमांक … के सामने निर्माणाधीन भवन पर बिना पानी डाले टाइल्स काटी जा रही हैं। रेत-गिट्टी खुली पड़ी है, हरी नेट नहीं लगी है। कृपया स्थल निरीक्षण कर पंचनामा बनाएं और की गई कार्रवाई की लिखित जानकारी दें।’ यातलं ‘स्थल निरीक्षण’ आणि ‘पंचनामा’ हे दोन शब्द गाळू नका. ते मागितलं की कागद तयार होण्याची शक्यता वाढते, आणि पुढे सगळं त्या कागदावर चालतं.

सोबत जोडायचं ते थोडकंच. तारीख-वेळ दिसणारे दोन-तीन फोटो, त्यातल्या एकात घराचा क्रमांक, दुकानाची पाटी किंवा ओळखीची खूण. धुराचा असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. घरात कोणाला श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. सक्ती नाही, पण उपयोग होतो. शेजारच्या दोन-तीन घरांच्या सह्या मिळाल्या तर फारच चांगलं. लेखी अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

काम न होता तक्रार बंद झाली तर १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे ती एल-१ पासून एल-४ पर्यंत वरच्या अधिकाऱ्यांकडे चढत जाते. ‘समाधानी आहात का’ असा फोन येतो. नसाल तर नम्रपणे, पण स्पष्ट ‘नाही’ म्हणा. आपल्या लोकांचं हे नेहमी होतं, समोरचा गोड बोलला की ‘हो हो, ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात.

तरीही काही झालं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून निरीक्षण अहवालाची आणि पंचनाम्याची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेवटचा रस्ता हरित लवादाचा. त्याचं मध्य विभागाचं खंडपीठ भोपाळला आहे. तिथे मूळ अर्जाला मुदत आहे सहा महिन्यांची, आणि सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. ही मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजतात. म्हणून सर्वांत पहिला फोटो, धूसर आला असला तरी, मोबाइलमधून पुसू नका.