एलडॅप आणि कर्बेरॉस: नाव यादीत असणं वेगळं, ओळख पटणं वेगळं

"लिनक्स सर्व्हर एलडॅपला जोडलाय, मग विंडोजवाल्यांना पुन्हा पासवर्ड का विचारतो?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातल्या युजर आणि कॉम्प्युटरांची मायक्रोसॉफ्टची मध्यवर्ती नोंदवही, तुम्ही रोज वापरता. विंडोज २००० पासून तिच्या पोटात एलडॅप (नोंदी विचारायची पद्धत) आणि कर्बेरॉस (ओळख पटवायची पद्धत) दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पोर्ट वेगळे: एलडॅपचा ३८९, कर्बेरॉसचा ८८. फायरवॉलपुरतं तेवढं पुरे.

एलडॅप म्हणजे मतदार यादी. माणूस कोण, कुठल्या ग्रुपात, त्याची होम डिरेक्टरी कुठली, हे ती सांगते. लिनक्सवर 'आयडी' कमांड मारली की युजर आणि त्याचे ग्रुप दिसतात, आणि लोक "झालं काम" म्हणून उठतात. झालेलं काहीच नसतं. यादीत नाव सापडलं, इतकंच. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे अजून कुणी तपासलेलंच नाही.

पण खरी फसगत पुढे आहे. एलडॅपनेही पासवर्ड तपासता येतो. सर्व्हर तुमच्याकडून पासवर्ड घेतो, तुमच्या नावाने डिरेक्टरीत बाइंड, म्हणजे लॉगिन, करून पाहतो, आणि बाइंड झालं तर तुम्हाला आत घेतो. लॉगिन होतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की जोडणी पूर्ण झाली. याचा अर्थ नीट बघा. तुमचा डोमेनचा पासवर्ड त्या सर्व्हरच्या हातात जसाच्या तसा पडला. साध्या बाइंडला टीएलएस (एन्क्रिप्शन) नसेल तर तो नेटवर्कवरूनही उघडा गेला. असे १० सर्व्हर असतील तर १० ठिकाणी पासवर्ड टाइप करायचा, आणि त्यातला एक जरी फुटला तरी गेला.

कर्बेरॉसमध्ये माणूस सकाळी विंडोजवर लॉगिन करतो तेव्हाच डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) त्याला तिकीट देतो, नेहमीच्या सेटिंगप्रमाणे १० तासांचं. मग तो पुटीतून (एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) लिनक्सवर येतो तेव्हा त्या सर्व्हरसाठीचं वेगळं तिकीट दाखवतो. सर्व्हर ते आपल्या कीटॅब फाइलमधल्या गुप्त किल्लीने उघडून बघतो. पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मात्र एसएसएचच्या प्रॉम्प्टवर कुणी हाताने पासवर्ड टाइप केला, तर मागे कर्बेरॉस असूनही सर्व्हरला तो दिसतोच. फायदा तिकीट घेऊन आलात तरच.

म्हणून माझं ठाम मत: एलडॅपची कॉन्फिग हाताने लिहीत बसू नका. सर्व्हर डोमेनला जोडणारी 'रेल्म जॉइन' कमांड मारा. त्यात कॉम्प्युटर अकाउंट, कीटॅब आणि एसएसएसडीची (लिनक्सवर डोमेनचे युजर आणि लॉगिन सांभाळणारी सेवा) मांडणी एका फटक्यात होते. एसएसएच सर्व्हरमध्ये जीएसएसएपीआय (तिकिटाने लॉगिन होऊ देणारी सोय) चालू आहे ना, तेवढं बघा. आणि कृपा करून सर्व्हरला आयपी पत्त्याने गाठणं सोडा! तिकीट सर्व्हरच्या नावाने निघतं. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता टाकलात की तिकीट मिळत नाही, समोर पासवर्डचा प्रॉम्प्ट येतो, आणि शिव्या मात्र लिनक्सला बसतात.

दुसरी अट वेळेची. घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक कर्बेरॉस सहसा चालवून घेत नाही. एलडॅपला त्याचं काही पडलेलं नसतं. एका कारखान्यात मी यातच अर्धा दिवस घालवला. 'आयडी'चं उत्तर अचूक, बाकीच्या सर्व्हरवर तीच तिकिटं चालत होती, हा एकच नाकारत होता. लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळांत फार फरक. 'डेट' मारून पाहिलं तर १०:४२, भिंतीवरच्या घड्याळातही १०:४२. तिसऱ्यांदा वाचताना ओळीच्या शेवटाकडे लक्ष गेलं: यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. टाइमझोन न बदलता कुणीतरी हाताने भारतीय वेळ भरली होती, म्हणजे सर्व्हर साडेपाच तास पुढे पळत होता. टाइमझोन आशिया/कोलकाता केला, क्रोनीला (घड्याळ जुळवणारी सेवा) डोमेन कंट्रोलरकडून वेळ घ्यायला लावली, आणि पुढचं लॉगिन पासवर्ड न विचारता झालं.