आयाक्सची सहल अरेनापासून सुरू होत नाही : बुकिंग केलेल्यांनी निघण्याआधी हे वाचावं

तुम्ही आमच्याकडे सहल बुक केली आहे, म्हणजे ॲमस्टरडॅमचा आयाक्स हा काय फुटबॉल क्लब आहे हे तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा ओळखपाळख बाजूला ठेवून मुद्द्याचं सांगते. जवळजवळ दर शनिवारी सकाळी दहाला माझा फोन वाजतो. "ताई, आम्ही स्टेडियमच्या दारात उभे आहोत, तुम्ही कुठे दिसत नाही." मी त्या वेळी तिथून चारेक किलोमीटर दूर, ॲमस्टरडॅमच्या पूर्व भागात, क्रिस्तियान हायगेन्स चौकात बाकीच्या मंडळींबरोबर उभी असते.

मोबाइलच्या नकाशात "अजॅक्स स्टेडियम" असं टाकलं की तो तुम्हाला थेट योहान क्रायफ अरेनाला, म्हणजे आयाक्सच्या सर्वांत नामवंत खेळाडूच्या नावाच्या स्टेडियमला, नेतो. नकाशाची चूक नाही, क्लब आज तिथेच खेळतो. पण आमची सहल क्लबच्या इतिहासाची आहे आणि त्यातली पहिली शहाण्णव वर्षं अरेनात घडलेली नाहीत. कृपया नकाशात चौकाचंच नाव टाका. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशलहरींसाठी ज्यांचं तत्त्व आपण पाठ केलं, तेच हे हायगेन्स. मात्र डच माणूस हे नाव "हॉइखन्स" असं उच्चारतो. रस्ता विचारायची वेळ आली तर हा उच्चार लक्षात असू द्या. क्लबचं नावही इथे "आयाक्स" असं म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांतलं "अजॅक्स" ऐकून ट्राममधला माणूस क्षणभर गोंधळतो.

"पण मग अरेनापासून का सुरू करत नाही?" असं खूप जण विचारतात. कधी विनंती म्हणून, कधी जरा रागाने. उत्तर एका वाक्यात देता येतं. आयाक्सने युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) चार वेळा जिंकला, १९७१, १९७२, १९७३ आणि १९९५ साली, आणि अरेनाचं उद्‌घाटन झालं १४ ऑगस्ट १९९६ रोजी. हे चारही कप ज्या घरात आले ते घर मिडनवेख नावाच्या रस्त्यावर होतं. तिथे आज स्टेडियम नाही. म्हणूनच कुणीतरी सोबत चालून ती जागा दाखवावी लागते, आणि आमचा व्यवसाय तोच आहे.

थोडं मागे जाऊ. क्लबची स्थापना १८ मार्च १९०० रोजी कालव्हरस्ट्राट या रस्त्यावरच्या "ओस्ट-इंडिए" नावाच्या कॅफेत झाली. फ्लोरिस स्टेम्पेल आणि त्याच्या मित्रांनी काही वर्षं आधी याच नावाने एक क्लब काढून पाहिला होता. या वेळी तो टिकला. कॅफेचं नाव ऐकून आपली मंडळी हमखास विचारतात की यात भारताचा काही संबंध आहे का. नाही. डच लोकांचं ईस्ट इंडीज म्हणजे आजचा इंडोनेशिया. क्लबचं नाव मात्र ग्रीक पुराणातल्या योद्ध्याचं आहे, ट्रॉयच्या युद्धातला आयाक्स. पहिली काही वर्षं सामने शहराच्या उत्तरेला, पाण्यापलीकडे झाले. १९०७ मध्ये क्लब वाटरग्राफ्समेरला आला आणि पुढची जवळपास नव्वद वर्षं इथेच राहिला.

वाटरग्राफ्समेर हे पूर्वी तळं होतं. १६२९ साली पाणी उपसून ते कोरडं केलं. जमीन आजही समुद्रसपाटीपेक्षा पाचेक मीटर खाली आहे. "मेर" म्हणजे तळं, आणि पुढे स्टेडियमचं "द मेर" हे नाव त्यावरूनच पडलं. १९२१ पर्यंत हा भाग ॲमस्टरडॅम शहरात नव्हता, वेगळी नगरपालिका होती. आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सोयीची : आपण तळ्याच्या तळावरून चालतो, त्यामुळे चढउतार जवळजवळ नाहीत.

हायगेन्स चौकातून सुरुवात करायचं कारण हे की जुनं लाकडी स्टेडियम इथेच उभं होतं. आज पाहायला काहीच नाही, ट्राम आणि सायकली. पण आयाक्स लहान क्लबचा मोठा क्लब झाला तो या जागेवर. १९१५ मध्ये जॅक रेनॉल्ड्स हे इंग्रज प्रशिक्षक आले. त्यांनी चेंडूवरच्या हुकमतीवर भर दिला आणि लहान मुलांचे संघही पहिल्या संघासारखेच खेळावेत असा आग्रह धरला. १९१८ मध्ये क्लब पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. तीन खेपांत मिळून रेनॉल्ड्स जवळपास दोन तपं इथे होते. आज आयाक्सची तरुण पोरं घडवणारी शाळा म्हणून जगभर जे नाव आहे, त्याचा पाया त्यांनी घातला असं माझं ठाम मत आहे. क्रायफच्या चाहत्यांना हे पटत नाही. चालताना वाद घालायला माझी तयारी असते.

याच लाकडी स्टेडियमवर १९२० च्या दशकात एडी हामेल उजव्या बगलेवरून धावायचे. जन्म न्यूयॉर्कचा, धर्माने ज्यू, प्रेक्षकांचे लाडके. नाझींनी त्यांना पकडून आउशवित्सला पाठवलं आणि १९४३ मध्ये ठार केलं. रेनॉल्ड्स ब्रिटिश नागरिक, म्हणून त्यांनाही युद्धकाळात छावणीत डांबलं होतं. ते परत आले आणि पुन्हा संघाचे प्रशिक्षक झाले. या ठिकाणी आम्ही पाच मिनिटं शांत थांबतो. उशिरा येणारी मंडळी नेमकी या पाच मिनिटांत फोन करतात. म्हणून मी फोन बंद ठेवते, आणि त्यावरून नाराजीही ओढवून घेते.

तिथून मिडनवेखने पुढे चालत आपण द मेरच्या जागेवर येतो. क्लबचेच सभासद असलेले वास्तुरचनाकार दान रोडेनबर्ख यांनी आराखडा केला आणि ९ डिसेंबर १९३४ रोजी स्टेडियम खुलं झालं. क्षमता वीस-बावीस हजारांची. युरोपातल्या बड्या क्लबांच्या मानाने हे अंगणच. त्यामुळे मोठे युरोपियन सामने शहराच्या दक्षिणेला ऑलिंपिक स्टेडियममध्ये व्हायचे. पण लीगचे सामने, सराव आणि मुलांच्या चाचण्या सगळं इथेच. व्यावसायिक फुटबॉलला नेदरलँड्समध्ये १९५४ पर्यंत परवानगीच नव्हती. १९५६ मध्ये एरेडिव्हिजी ही देशातली सर्वांत वरची लीग सुरू झाली आणि तिचं पहिलं विजेतेपद आयाक्सने घेतलं.

१९६५ च्या जानेवारीत रिनुस मिखेल्स प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ खालच्या वर्गात घसरण्याच्या बेतात होता. सहा वर्षांनी त्याच क्लबने वेम्बलीवर पानाथिनायकोसला २-० हरवून युरोपियन कप घेतला. पुढच्या वर्षी अंतिम सामना रॉटरडॅमला, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनोर्डच्या मैदानावर होता. तिथे क्रायफने इंटर मिलानविरुद्ध दोन्ही गोल केले. तिसऱ्या वर्षी बेलग्रेडमध्ये युव्हेंटसवर १-०. सलग तीन जिंकल्यामुळे करंडक कायमचा आयाक्सकडे आला.

आज द मेरच्या जागी घरं आहेत. स्टेडियम १९९६ मध्ये बंद झालं. शेवटचा सामना २८ एप्रिलला विलेम टू संघाविरुद्ध झाला. पण वसाहत उभारताना रस्त्यांना जगातल्या नामवंत स्टेडियमची नावं दिली, वेम्बली, ॲनफिल्ड, बर्नाबेऊ, आणि छोट्या पुलांना आयाक्सच्या खेळाडूंची. मुलांना ही नावं शोधायला फार आवडतं. ५ डिसेंबर १९८२ रोजी इथेच हेल्मंड स्पोर्टविरुद्ध क्रायफने ती प्रसिद्ध पेनल्टी घेतली. गोलवर न मारता त्याने चेंडू हळूच डावीकडे येस्पर ओल्सेनकडे सरकवला. गोलकीपर पुढे धावला, ओल्सेनने चेंडू परत दिला आणि क्रायफने रिकाम्या जाळ्यात ढकलला. आम्ही हिरवळीवर दोन पिशव्यांचा गोल मांडतो आणि मुलांना ती पेनल्टी करून पाहू देतो. पहिल्या झटक्यात फारच थोड्यांना जमते.

शेवटचा टप्पा बेटोनडॉर्प. शब्दशः "काँक्रीटचं गाव". पहिल्या महायुद्धानंतर विटांचा आणि कुशल गवंड्यांचा तुटवडा होता, म्हणून १९२० च्या दशकात इथे काँक्रीटची घरं बांधून पाहिली. २५ एप्रिल १९४७ रोजी जन्मलेला योहान क्रायफ इथे लहानाचा मोठा झाला. वडिलांचं भाजीचं दुकान होतं. योहान बारा वर्षांचा असताना ते गेले. आई द मेरमध्ये साफसफाईचं काम करायला लागली आणि पुढे तिने ज्यांच्याशी लग्न केलं ते मैदानाची निगा राखणारे होते. स्टेडियम घरापासून चालत काही मिनिटांवर. दहाव्या वाढदिवसाला तो क्लबमध्ये दाखल झाला आणि १५ नोव्हेंबर १९६४ ला, सतराव्या वर्षी, पहिल्या संघातून खेळला. सामना हरले, पण आयाक्सचा एकमेव गोल त्याचा होता. हे अंतर पायी चालल्याशिवाय कळत नाही. भाजीच्या दुकानापासून मैदानापर्यंत पोरगा रोज किती पळत असेल, हे इथे उभं राहिलं की दिसतं. टीव्हीवर शंभर वेळा क्रायफ पाहिलेले बाबा लोक इथे गप्प होतात.

एक कळकळीची विनंती. ते घर आज दुसऱ्या कुटुंबाचं आहे. आम्ही घर क्रमांक छापत नाही, दारासमोर गर्दी करत नाही आणि खिडकीतून फोटो काढू देत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका गटातल्या पाहुण्यांनी कुंपणावर चढून फोटो काढला. शेजारच्या आजीबाईंची माफी मी स्वतः जाऊन मागितली. आपल्या वाड्यात कुणी असं केलं असतं तर आपल्याला चाललं असतं का, इतकाच विचार करावा.

आता अरेनाबद्दल, म्हणजे आम्ही त्याच्या विरोधात आहोत असं वाटायला नको. अरेनातही आयाक्सने कितीतरी लीग जिंकल्या, आणि ८ मे २०१९ ला चॅम्पियन्स लीगमधल्या टॉटनमविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी तिथेच स्वप्न तुटलं. स्टेडियमला क्रायफचं नाव २०१८ मध्ये मिळालं. आतून पाहायचं असेल तर स्टेडियमची स्वतःची सहल असते, तिचं तिकीट तुम्ही थेट त्यांच्याकडूनच घ्या. आम्हाला आत गट नेता येत नाही, आणि आम्ही मधले पैसे खाऊ इच्छित नाही. आमची सहल साडेबारापर्यंत संपते. जेवून दुपारी तिकडे गेलात तर दोन्ही नीट होतं आणि क्रमही बरोबर राहतो. आधी अरेना पाहून मग बेटोनडॉर्पला आलेल्यांना हा भाग फिका वाटतो. उलट क्रमाने गेलेल्यांनी मात्र अरेनाच्या दारावरचं नाव थांबून वाचल्याचं मला कळवलं आहे.

वेळेचं सांगते. आम्ही दहा वाजून दहा मिनिटांनी निघतो. त्यानंतर येणाऱ्याला वाटेत सामील होता येतं, पण चालत असताना मी फोनवर रस्ता समजावू शकत नाही, आणि पैसे परत मिळत नाहीत. हा नियम कडक वाटतो, मान्य आहे. पण गटात आम्ही बाराच जण घेतो. एका कुटुंबाची वाट पाहायची म्हणजे बाकी नऊ-दहा जणांना वाऱ्यात अर्धा तास उभं करायचं, आणि त्यात बहुधा कुणाचे तरी सासू-सासरे असतात. बाराच्या गटामुळे आमचं शुल्क मोठ्या कंपन्यांपेक्षा थोडं जास्त आहे. त्या बदल्यात सगळं मराठीत ऐकायला मिळतं, जुने फोटो हातात घेऊन पाहता येतात, आणि आजोबांचा प्रश्न अर्ध्यात तोडला जात नाही.

चौकात पोहोचायला १९ क्रमांकाची ट्राम सोयीची, ती मिडनवेखवरूनच जाते. बायलमर अरेना स्टेशनाकडे जाणाऱ्या मेट्रोत बसलात तर तुम्ही चुकीच्या दिशेला निघाला आहात. लगेच उतरून फोन करा, दहाच्या आधी मी घेते.

ज्यांच्याकडे दुसरा दिवस आहे त्यांच्यासाठी दुपारची वेगळी सहल आहे, ऑलिंपिक स्टेडियमची. ती माझे यजमान घेतात. ७ डिसेंबर १९६६ ला तिथे इतकं धुकं होतं की प्रेक्षकांना पलीकडचा गोल दिसत नव्हता, आणि त्या धुक्यात आयाक्सने लिव्हरपूलला ५-१ असं हरवलं. पण आपल्या लोकांना तिथे न्यायचं आणखी एक कारण आहे. हे स्टेडियम १९२८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं, अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सला ३-० हरवून. ध्यानचंद त्या संघात होते. दोन्ही सहली एकत्र घेतल्या तर दुसरीला सवलत आहे, बुकिंग करतानाच सांगा.

वारा असतो, छत्री उलटते, त्यामुळे रेनकोट आणा. आणि मुलांसाठी चेंडू आणू नका, ट्राममध्ये तो निसटून पळतो. आमच्या पिशवीत दोन असतात.