फॅशन-प्रसार : पुनरावृत्ती आणि लोकप्रियता

एखाद्या पेहरावाचा कट, रंग, गळा किंवा कापडाचा पोत वारंवार नजरेस पडला की तो आवडू लागतो. आवडल्याने त्याचा वावर आणखी वाढतो आणि अतिपरिचयाने पुढे तोच नकोसा होतो. या संपूर्ण प्रक्रियेस फॅशन-प्रसार म्हणतात. नियतकालिकांतील चित्रे, दुकानांच्या दर्शनी खिडक्या आणि आता मोबाइलवरील फीड ही त्याची माध्यमे होत. माध्यमासोबत वेग वाढला, टप्प्यांचा क्रम तोच राहिला.

प्रसाराला सुरुवात कोठून होते, हा या विषयातील जुना वाद आहे. समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी १८९० मध्ये अनुकरणाला समाजजीवनाच्या मुळाशी ठेवले, तर अर्थतज्ज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगावर, म्हणजे ऐपत मिरवण्यासाठी केलेल्या खर्चावर, भर दिला. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांची १९०४ च्या निबंधातील मांडणी पुढे ‘झिरप सिद्धांत’ म्हणून रूढ झाली : खालचा वर्ग वरच्याचे अनुकरण करतो आणि तो जवळ येताच वरचा वर्ग ती शैली टाकून नवी धरतो. चार्ल्स किंग यांनी १९६३ मध्ये याला हरकत घेतली. त्यांच्या मते एकाच हंगामात शैली सर्व वर्गांत आडवी पसरते. जॉर्ज फील्ड यांनी १९७० मध्ये तळातून वर चढणाऱ्या शैलींकडे लक्ष वेधले.

या सर्वांत समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांचा १९६९ चा ‘सामूहिक निवडी’चा सिद्धांत प्रत्यक्ष निरीक्षणांशी अधिक जुळतो. त्यांनी पाहिलेल्या पॅरिसच्या एका फॅशनगृहात हंगामाच्या आरंभी शंभर किंवा त्याहून अधिक डिझाइने एक-दोनशे खरेदीदारांपुढे मांडली जात. खरेदीदार एकमेकांचे स्पर्धक होते आणि आपली निवड लपवून ठेवत. तरीही बहुतेकांची पसंती सहा ते आठ डिझाइनांवर एकवटे. कोणत्या तीसेक डिझाइनांतून निवड होईल हे व्यवस्थापक आधी सांगू शकत, पण नेमकी सहा-आठ कोणती ते त्यांनाही सांगता येत नसे. सगळेच खरेदीदार सारखी नियतकालिके वाचत आणि एकमेकांच्या मालावर लक्ष ठेवून असत, त्यामुळे त्यांची नजर सारखी घडली होती, असे ब्लूमर यांनी मांडले. या मतानुसार उच्चभ्रू वर्ग फॅशन जन्माला घालत नाही. जी शैली रूढ होऊ घातली आहे तिच्याकडे तोही वळतो. शैली का टाकली जाते, याचे झिमेल यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र अजूनही उपयोगी आहे.

नुसत्या पुनरावृत्तीने पसंती वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. त्यांनी निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहरे ० ते २५ वेळा दाखवले. जे अधिक वेळा दिसले ते लोकांना अधिक बरे वाटले. बोर्नस्टीन यांच्या १९८९ च्या आढाव्यात याच्या मर्यादाही आल्या आहेत : दर्शन क्षणभराचे आणि इतर गोष्टींत मिसळलेले असेल तर परिणाम वाढतो, तीच गोष्ट लागोपाठ दाखवली तर कंटाळा येतो. पहिल्या भेटीतच जे नावडते, त्याची पुनरावृत्ती नावड वाढवूही शकते. त्यामुळे एकच फोटो वीसदा फिरवण्यापेक्षा तोच झगा वेगवेगळ्या अंगांवर, वेगवेगळ्या प्रसंगी दिसणे अधिक परिणामकारक ठरावे.

दीर्घ पल्ल्याच्या मोजणीत मानववंशशास्त्रज्ञ जेन रिचर्डसन आणि आल्फ्रेड क्रोबर यांचे १९४० चे काम पायाभूत मानले जाते. क्रोबर यांनी १९१९ मध्येच त्याची पद्धत बसवली होती. दोघांनी स्त्रियांचा रात्रीचा औपचारिक पेहराव निवडला, कारण त्याचा उपयोग दीर्घकाळ बदलला नव्हता. घागऱ्याची लांबी व घेर, कंबररेषेची उंची व रुंदी, गळ्याची खोली व रुंदी ही मापे चित्रांवरून घेऊन आकृतीच्या उंचीशी त्यांचे प्रमाण काढले. उंची डोक्यापासून न मोजता तोंडाच्या मध्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मोजली, कारण टोपी आणि केशरचना माथा झाकून टाकतात. घेर सुमारे शंभर वर्षांत फिरून मूळ पदावर येतो, हा त्यांचा निष्कर्ष बराच उद्धृत होतो. तो जपून घ्यावा हे बरे. १७८७ ते १९३६ या सलग मालिकेत असे जेमतेम दीड आवर्तन बसते, आणि तेवढ्यावरून चक्र सिद्ध होत नाही. शिवाय मापे चित्रांतील कपड्यांची आहेत, अंगावर वापरलेल्यांची नाहीत.

फीडवरील पुनरावृत्ती मोजताना ‘एकच शैली’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. बाह्यरेषा, लांबी, कापड, छापा, रंग, बटण-चेन-नाड्या यांना वेगवेगळे रकाने द्यावेत. रंग हंगामागणिक पालटतो, बाह्यरेषा कित्येक वर्षे टिकते. दोन्ही एकत्र मोजल्यास कल झाकला जातो. मोजणीचा घटक पोस्ट न ठेवता व्यक्ती ठेवावा, कारण शंभर पोस्ट पाचच जणांच्या असतील तर ती बहुधा जाहिरात असते. जुनाच फोटो कातरून किंवा फिल्टर लावून पुन्हा टाकला असेल, तर तो फाइलच्या नावावरून पकडता येत नाही. त्यासाठी चित्राचीच तुलना करावी लागते. पोस्ट करणारे एकूणच वाढले की प्रत्येक शैलीचा आकडा वाढतो, म्हणून एकूणातील तिचा हिस्सा काढावा आणि तो गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये कालक्रम सोडून क्रमवारी अल्गोरिदमकडे दिली. त्या आधीच्या आणि नंतरच्या दर्शनांची तुलना थेट करता येत नाही.

शैलीच्या ओहोटीची पहिली खूण एकूण आकड्यात दिसत नाही. तो चढताच असताना, दर आठवड्याला ती शैली प्रथमच घालणाऱ्यांची संख्या उतरू लागते. हंगामअखेरच्या सवलतीत विक्री उसळते ती बहुधा या खुणेनंतर. त्या विक्रीलाच वाढती लोकप्रियता समजून पुढल्या हंगामाचे कापड नोंदवले की माल पडून राहतो.