खुर्ची कुणाच्या मापाची? पुनर्वसन तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी, कोल्हापुरातून पाहताना

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये आर-टू-डी-टू या नावाने ओळखलं जाणारं, दिव्यांगांच्या साधनांवर काम करणारं एक संशोधन केंद्र आहे. प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाचं तिथलं काम गेल्या काही वर्षांत लोकांसमोर आलं : माणसाला बसल्या जागेवरून उभं करणारी ‘अराइज’ ही चाकाची खुर्ची (२०१९), मापाप्रमाणे बनणारी ‘निओफ्लाय’, तिला पुढून जोडायचं, मोटारीवर चालणारं ‘निओबोल्ट’ आणि ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा (२०२२). अशा बातम्या कोल्हापुरातही मोबाइलवर फिरतात आणि ज्याच्या घरात गरज आहे तो विचारतो, हे आपल्याकडे कधी? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आपल्या भागात कृत्रिम पाय म्हटलं की पूर्वी पुणं आठवायचं. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी १९४४ मध्ये तिथे लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पण त्या काळचे परदेशी धाटणीचे पाय बुटात घालायचे होते. उकिडवं बसणं, मांडी घालणं, चिखलात अनवाणी चालणं त्यांना जमत नव्हतं. आणि शेतकऱ्याचा अर्धा दिवस तर त्यातच जातो. हे कोडं १९६८ मध्ये जयपुरात सुटलं. डॉ. प्रमोद करण सेठी शस्त्रक्रियेतले जाणकार, तर रामचंद्र शर्मा हाताने घडवणारे कारागीर. टायर रिमोल्डिंगच्या दुकानात शर्मांना पाऊल रबराचं करण्याची युक्ती सुचली, असं सांगितलं जातं. मला या साऱ्या इतिहासात हीच जोडी सगळ्यात मोलाची वाटते. डॉक्टर, कारागीर आणि तो पाय घालून शेतात जाणारा माणूस, तिघांनी मिळून जयपूर फूट घडवला.

चाकाच्या खुर्चीच्या वाट्याला हे भाग्य उशिरा आलं. आपल्याकडे सर्रास दिसते ती दवाखान्यातली घडीची खुर्ची. पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात ढकलत न्यायला ती ठीक आहे, पण कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाचा अख्खा दिवस खुर्चीत जातो. बैठक चार बोटं जास्त रुंद असली की शरीर एका बाजूला कलतं. चाकापर्यंत पोचायला हात फाकवावे लागतात, खांदे भरून येतात. एकाच हाडावर भार पडून कातडी सोलवटते, आणि दुखत नसल्याने जखम खोल गेल्यावरच कळते. अशा जखमेने, म्हणजे बेडसोअरने, जीव गेलेली माणसं आहेत. पुढची चाकं लहान आणि टणक. गल्लीतल्या फरशीच्या फटीत ती अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच खुर्चीसोबत मोजमाप, बसवून पाहणं, वापर शिकवणं आणि दुरुस्ती यांवर भर दिला. निओफ्लायमध्ये वापरणाऱ्याच्या शरीराप्रमाणे अठरा बाबी बदलता येतात, त्याचं मूळ या अनुभवात आहे.

कोल्हापूर या बाबतीत कोरं नाही. १९८४ मध्ये इथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी राहिली. ती उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या, आणि शिक्षण, वसतिगृह, रोजगार यांचा विचार खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूने झाला. माझ्या मते संशोधकांनी असल्या अनुभवाशी बोलल्याशिवाय एकही आराखडा पक्का करू नये.

गरजही बदलली. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पोलिओमुळे कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराचा सांगाडा, लागणारी मुलं आता नव्याने जवळपास येत नाहीत. आता येतात ते महामार्गावरच्या अपघातातले, झाडावरून पडून मणक्याला मार बसलेले, गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेले, मधुमेहाने पाय गमावलेले. कायद्याने १९९५ मध्ये अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते, २०१६ च्या कायद्याने एकवीस.

‘कदम’ गुडघा १६० अंशांपर्यंत वाकतो. वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, मागच्या सीटवर पाय आखडून बसलेल्याला विचारा, म्हणजे या आकड्याचं महत्त्व कळेल. निओबोल्ट ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावतं. उचगावहून शहरात कामाला येणाऱ्यासाठी तो रिक्षाभाड्याचा आणि दुसऱ्याच्या मिनतवाऱ्यांचा प्रश्न आहे.

गाडं अडतं ते वस्तू घरी आल्यानंतर. बेअरिंग गेलं, स्पोक तुटला की खुर्ची माळ्यावर जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲक्सल करून देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण बैठकीची रुंदी कुठून मोजायची, ॲक्सल किती पुढे घेतला तर खुर्ची मागे कलंडेल, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ते ज्ञान पुनर्वसनाचं शिक्षण घेतलेल्यांकडे आहे. आयटीआय, दिव्यांग संस्था आणि सरकारी दवाखाने यांनी या दोघांना एका टेबलाशी बसवलं, तर गडहिंग्लज किंवा शाहूवाडीच्या माणसाला दुरुस्तीसाठी चेन्नईकडे डोळे लावून बसावं लागणार नाही.