खालची कवळी घट्ट हवी, पण किती?

गणपतीला चाकरमानी गावी आले की म्हाताऱ्यांच्या कवळीचा विषय निघतो. ‘आईला इम्प्लांट बसवून टाकू, जन्मभर बघायला नको,’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतो. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेली कृत्रिम मुळं. ती टिकतात, पण कवळी त्यांना जिथे अडकते तो जोड झिजतो.

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची अरुंद पट्टी, त्यात जीभ तिला सारखी ढकलणार. शिवाय दात गेल्यावर खालचं हाडही जास्त झिजतं. म्हणून २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या परिषदेत तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानला.

हे इम्प्लांट पुढे, साधारण सुळ्यांच्या जागी बसतात. त्या दोघांतून एक रेघ ओढा. तळलेला फणसाचा गरा दाढेखाली आला की कवळीची मागची बाजू मऊ हिरडीत दबते. इम्प्लांट मात्र हाडात पक्के. म्हणजे कवळी त्या रेघेभोवती फिरणार. जोडाने फिरू दिलं नाही, तर सगळा ताण इम्प्लांटवर, स्क्रूवर आणि कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकवर येतो.

गोळ्याच्या जोडात इम्प्लांटवर गोळा आणि कवळीत रबरी रिंग असते. त्यात हे फिरणं सहज होतं, झिजते ती रिंग. दोन्ही इम्प्लांट जोडणारा बार गोल किंवा अंडाकृती छेदाचा असेल तर कवळीतली क्लिप त्याच्याभोवती फिरते. सपाट, समांतर बाजूंचा असेल तर जखडून ठेवते. बारला कवळीखाली उंचीची जागाही जास्त लागते आणि त्याखाली ब्रश नीट पोचत नाही. लोकेटर नावाचा जोड बुटका असतो. कवळीत बसणारी त्याची नायलॉनची टोपी पारदर्शक, गुलाबी, निळी अशा रंगांत मिळते, पकड अंदाजे २.३, १.४ आणि ०.७ किलोची. बोटांत जोर नसेल तर निळीच बरी, नाहीतर कवळी काढायला रोज कुणाला तरी बोलवावं लागेल.

चुंबकाचाही जोड असतो. त्याची पकड यांच्यापेक्षा कमी, आणि जरा फट पडली की ओढ झपाट्याने घटते. हात थरथरणाऱ्यांना मात्र ते सोयीचं, कवळी जवळ नेली की आपोआप बसते. वरचं आवरण झिजलं तर लाळेत चुंबक गंजतो. गंज काय करतो ते कोकणात कुणाला सांगायला नको.

नायलॉनची टोपी बदलणं दवाखान्यात काही मिनिटांचं काम, पण एका पद्धतीची टोपी दुसरीला बसत नाही. मुंबईत इम्प्लांट करून आई राजापूरला राहणार असेल, तर जोड कोणता, कुठल्या कंपनीचा आणि त्याच्या टोप्या जवळपास कोण बदलून देईल, हे आधीच कागदावर लिहून घ्या.