डिश नाही, तर नेम कसा धरायचा?

रेडिओ दुर्बीण म्हटलं की आपल्याला खोडदची जीएमआरटी आठवते; ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. म्हणून ‘एसकेए’ या उभ्या राहत असलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या ऑस्ट्रेलियातल्या भागाचा फोटो दाखवला, की चोपडा-यावलकडच्या शाळेत पहिला प्रश्न ठरलेला : “सर, पन डिश कोठे शे?”

डिश नाहीच. लाल मातीत उभे केलेले दोन मीटर उंचीचे तारांचे सांगाडे, काम पुरं झाल्यावर १,३१,०७२. एकही जागचा हलत नाही. तिरकी येणारी लहर एका अँटेनाला आधी गाठते, शेजारणीला जरा नंतर. आधीचा संदेश तेवढाच रोखून धरायचा आणि मग बेरीज करायची. हव्या त्या दिशेच्या लहरी एकमेकींत भर घालतात, इतर दिशांच्या बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. दुर्बीण ‘वळली’!

पण ती नेमकी कुठे आणि किती बघतेय? रात्रीच्या विजेवर मोटर सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातली बॅटरी आठवा. मधे लख्ख गोल, आणि भोवती सांडलेला फिका उजेड. अँटेनांच्या समूहाचंही तसंच असतं : एक मुख्य झोत, आजूबाजूला लहान पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या मधे काहीच ऐकू येत नाही अशा शून्य-दिशा. हा नकाशा चुकला तर कडेच्या पाकळीतून शिरलेला तेजस्वी स्रोत भलतंच चित्र उभं करतो.

त्याच परिसरातली जुनी एमडब्ल्यूए दुर्बीण घेऊ. तिच्या उभारणीत बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेचाही हात आहे. पाच मीटर लांब-रुंद लोखंडी जाळीवर चार बाय चार अशा सोळा अँटेना. प्रत्येकीचा उशीर ४३५ पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी बदलतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही हजारावा भाग). तेवढ्यात प्रकाश जेमतेम १३ सेंटिमीटर जातो. आता सोळातली एक बंद पडली समजा. मुख्य झोताची ताकद १५/१६ च्या वर्गाइतकी उरते, म्हणजे १२ टक्के घट. ती चालून जाईल. शून्य-दिशेत मात्र सोळा संदेशांची बेरीज शून्य यायची, ती आता एका अँटेनाइतकी उरते. ताकदीत मुख्य झोताच्या १/२५६. किरकोळ वाटतं? पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा जो संदेश शोधायचाय, तो आपल्याच आकाशगंगेच्या गोंगाटापेक्षा दहा हजार पटींहून क्षीण आहे.

म्हणून झोत मोजावाच लागतो, आणि त्याची युक्ती मला फार आवडते. ऑर्बकॉम नावाचे दळणवळण उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर सतत बोलत आकाश ओलांडतात. उपग्रह कुठे आहे हे कक्षेवरून कळतं. पण तो किती ताकदीने बोलतोय, अंतरामुळे किती क्षीण झालाय, ते नेमकं कळत नाही. मग सोळांच्या शेजारी एकटीच अँटेना, वेगळ्या जाळीवर, संदर्भासाठी उभी करायची. उपग्रहाची ताकद आणि अंतर दोघींना सारखंच. एकीच्या मापाला दुसरीच्या मापाने भागलं, की अज्ञात गोष्टी छेद-अंशात कटतात. लहरीचं ध्रुवण, म्हणजे तिच्या कंपनाची दिशा, तेही कटतं, फक्त दोघींचे दांडे एकाच दिशेत हवेत. उरतं दोन झोतांचं गुणोत्तर. एकट्या अँटेनाचा झोत गणिताने बराचसा ठाऊक असतो. त्याने गुणलं की सोळांचा झोत हाती. उपग्रह फिरत राहतात, आकाश रेघारेघांनी भरत जातं. २०१५ साली अशी मोजणी प्रसिद्ध झाली. मेख एवढीच की कळतो तो १३७ मेगाहर्ट्झचाच झोत, आणि संदर्भाच्या अँटेनाची चूक उत्तरात जशीच्या तशी उतरते.

आकाशातून लहरी येतात म्हटलं की कुणीतरी गुरुबळ काढतोच. गुरू ग्रहाकडून रेडिओलहरी खरोखर येतात, ४० मेगाहर्ट्झच्या खाली. त्या पकडायला अँटेना लागते, पत्रिका नाही. ‘एलियनचे फोन ऐकणारी दुर्बीण’ छापणाऱ्यांनाही हेच सांगणं.

केळीवर फवारणी करतो तसा ड्रोन उडवून झोत मोजता येणार नाही का? येतो, मोजतातही. पण अँटेनांच्या दृष्टीने लहर सपाट व्हायला पुरेसं अंतर लागतं : रुंदीच्या वर्गाची दुप्पट, भागिले तरंगलांबी. एमडब्ल्यूएच्या पाच मीटरच्या जाळीला, दोन मीटरच्या लहरीसाठी, २५ मीटर पुरतात. एसकेएचा २५६ अँटेनांचा एक गट सुमारे ३८ मीटर रुंद, त्याला तेच सूत्र १,४४४ मीटर मागतं. एवढ्या उंचीवर ड्रोन नेणं अवघड, म्हणून कमी उंचीवरून मोजून गणिताने दुरुस्ती करतात, नाहीतर सरळ सूर्य आणि आकाशगंगा यांनाच प्रमाण मानून काम भागवतात.